सालपटं

मोठ्या उपासाचा तिसरा आठवडा.
ग्युमरीच्या बाजारात शोघाकात आत्या
कांदे विकत घेत नाही.
पोत्याखाली हात घालते
आणि गळून पडलेली सालं मुठीनं उचलते.
"माल सोडून कचरा नेता?" दुकानदार हसतो.
ती उत्तर देत नाही. जुना नायलॉनचा पायमोजा
टाचेपासून गुडघ्यापर्यंत भरत जातो,
एखादा पाय परत यावा तसा.

मी येरेवानला याच सालांवर पगार घेते.
वाळवते, दळते, अल्कोहोलात भिजवते,
यंत्राच्या बारीक नळीतून सोडते.
पडद्यावर सपाट रेघ चालत राहते, चालत राहते,
मग एकाएकी उभं राहतं शिखर.
क्वेर्सेटिन.
आमच्याकडं शिखर म्हटलं की माणसं
खिडकीबाहेर बघतात, सीमेपलीकडच्या बर्फाकडं.
माझं शिखर चौदाव्या मिनिटाला येतं
आणि पंधराव्याला मावळतं.

आत्यानं टेबलावर डबी ठेवली.
साठ कॅप्सूल, अकरा हजार द्राम.
"शेजारणीनं दिलीय. रक्तदाबाला, सांध्यांना,
म्हातारपणाला. खोकल्यालासुद्धा.
आत काय आहे?"
हेच, मी म्हटलं. तुझ्या मोज्यात आहे ते.
ती बराच वेळ डबीकडं बघत राहिली, मग मोज्याकडं.
"म्हणजे चाळीस वर्षं मी काय ओतत आले
जर्दाळूच्या बुंध्याशी?"

मला नाकानं कांदे सोलायचे नव्हते.
माहीत होतं तेवढं सांगितलं:
काचेच्या ताटलीत पेशींची आग निवते.
उंदरांच्या शिरा सैलावतात.
माणसांत काहींचा दाब तीन-चार अंकांनी उतरतो,
काहींचा जागचा हलत नाही.
आतडं बरंचसं दारातूनच परत पाठवतं.
जे आत शिरतं, त्याचे कपडे यकृत बदलतं,
आणि मग ते तेच उरतं का
यावर आम्ही अजून भांडतोय.
"थोडक्यात?"
थोडक्यात, कदाचित.
"कदाचितचे अकरा हजार," आत्या म्हणाली,
दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे अठ्ठावन्न.
रोजची पांढरी गोळी पाण्याबरोबर घेतली
आणि डबी शेजारणीला परत देऊन आली.

शनिवारी पातेलं चढलं.
पाणी आधी चहाचं, मग विटेचं,
मग इथल्या जुन्या भिंतींच्या दगडाचं झालं.
मी सवयीनं हिशोब करत होते, लिटरला किती मिलिग्रॅम.
ती चमच्यानं एकेक अंडं सोडत
वेगळंच काही मोजत होती:
हे सारातोवच्या लेकाचं, यंदाही रजा नाही.
हे तुझं.
एका अंड्याला केसाएवढा तडा होता.
काढ ते, फुटेल, मी म्हटलं.
तिनं तेच वाराझदातच्या नावानं सोडलं.
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात
सूतगिरणीत त्याची सकाळपाळी होती.

रविवारी अंड्यावर अंडं आपटलं. मी हरले.
माझं सोललं तर आत पांढरंफेक.
सगळा रंग कवचावरच अडलेला,
माझ्या तक्त्यांत असतो तसा.
मग तडा गेलेलं सोललं.
तिथं एक तांबूस रेघ पार आतवर गेलेली,
पुढं जाऊन तिला दोन फाटे.
"लिही हे तुझ्या कागदात," आत्या म्हणाली.
मीठ भुरभुरलं, लावाशमध्ये
हिरव्या पाल्यासोबत गुंडाळलं,
अर्धं मला दिलं.
चव? अंड्याची.

परतीच्या गाडीत तिकिटासाठी
कोटाच्या खिशात हात घातला तर
मूठभर सालं, कुरकुरीत.
केव्हा कोंबली कळलंच नाही.
घामानं बोटं पिवळी झाली होती.
प्रयोगशाळेतल्या साबणानं दोनदा धुतली.
मंगळवारपर्यंत तशीच होती.